कालवडींना 'अहो' म्हणणारे डॉक्टर

आमच्या दूध संस्थेच्या वाट्याला आलेले डॉक्टर माणसांना 'बे' म्हणत आणि कालवडींना 'अहो बाई'. गोठ्यात शिरले की आधी जनावराची परवानगी. "अहो बाई, जरा सरकता का? डोळा बघायचाय आपला." मग मालकाकडे वळून, "दावं धर की बे, बघत काय उभा ऱ्हायलास?" पहिल्या दिवशी मला राग आला होता. मी संस्थेचा सचिव, फॅट काढायचं यंत्र माझ्या ताब्यात, म्हणजे गावात माझा थोडाफार रुबाब होता. पण आठवडाभरात ध्यानात आलं, की ज्याच्याशी पटतं त्यालाच ते बे म्हणतात. तालुक्याच्या साहेबांशी बोलताना त्यांच्या तोंडचं 'आपण' सुटत नसे, आणि साहेबांची जीप गेली की ते खाकरून चूळ भरत.

मांजरसुंब्याहून चौसाळ्याकडे निघालं की मधे एक फाटा फुटतो, तिथून आत आमचं गाव. डॉक्टर तालुका दूध संघाचे. मूळचे केजकडचे, राहायला चौसाळ्यात, आणि त्यांच्या अंगाखाली एक मोपेड, जी चढावर त्यांनाच ढकलावी लागे. वय पन्नाशीच्या पुढे. त्यांच्या सगळ्या सदऱ्यांना डावी बाही होती आणि उजवी नव्हती. गाय तपासायची म्हणजे हात खांद्यापर्यंत आत घालावा लागतो. रोज दहादा बाही दुमडायची कोण, म्हणून शिंप्याला सांगून नवा सदराच तसा शिवून घेत. डावीचं मनगटाचं बटण मात्र नेटकं लावलेलं. संघाच्या एका संचालकाच्या मुलीच्या लग्नाला ते तसेच आले आणि अक्षता टाकायला तो उघडा हात वर झाला, तेव्हा मांडवातले लोक नवरा-नवरी सोडून त्यांच्याकडे बघायला लागले. "घरी कुणी काही म्हणत नाही का?" मी एकदा विचारलं. "म्हणते की बायको. वाचलेल्या बाह्यांचं पोलकं शिवून आणा म्हणते," ते म्हणाले.

त्यांची दुसरी खोड म्हणजे चव घेणं. जनावराला जे द्यायचं ते आधी स्वतःच्या जिभेवर. खनिजाची पूड आली, चिमूटभर तळहातावर घेऊन चाटली. पेंड आली, तुकडा तोडून चघळली आणि सांगितलं, "ह्यात माती मिसळलीय बे, वापस कर." खरोखरच मिसळली होती. संघाकडून जीवनसत्त्वाच्या तेलाचे डबे आले, माशाच्या काळजाचं ते पिवळं तेल, त्याचाही चमचा त्यांनी आधी घेतला आणि तोंड वाकडं न करता मिशा पुसल्या. त्या तेलाचा वास त्यांच्या अंगाला कायमचा चिकटला. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर ते चहा प्यायला बसले की बाजेखाली तीन-चार मांजरं येऊन बसत. ढाबेवाला त्यांना बाहेरच्या बाजूला बसवायचा. डॉक्टरांना त्याचं काहीच वाटत नसे. ते मांजरांनाही अहोच म्हणत.

त्या वर्षी पावसानं दोनदा तोंड दाखवलं आणि काढतं घेतलं. दिवाळीनंतर कडबा संपला, माघ लागायच्या आत विहिरींचे तळ दिसायला लागले, आणि संस्थेनं गायरानात जनावरांची छावणी उघडली. ताडपत्र्यांच्या रांगा, रांगांत दावणी, आणि ट्रकांनी येणारा ऊस. सकाळी ऊस, संध्याकाळी उसाचं वाळलेलं वाढं, दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊस. जनावरं जगत होती, पण कालवडी माजावर यायच्या थांबल्या. दोन-अडीच वर्षांच्या, अंगापिंडानं बऱ्या दिसणाऱ्या संकरित कालवडी नुसत्या उभ्या. ना हंबरणं, ना दुसरीच्या अंगावर उडी मारणं. कालवड माजावर येत नाही म्हणजे गाभण राहत नाही, गाभण राहत नाही म्हणजे दूध नाही, आणि दूध नाही तर दूध संस्था कशाला, असा सरळ हिशेब आमच्या चेअरमननी मांडला. त्यांनी कुठूनसं ऐकलं होतं की माजावर आणायचं इंजेक्शन मिळतं.

"एक-एक सुई द्या सगळ्यांना," चेअरमन म्हणाले. "आठ दिवसांत सगळ्या हंबरल्या पायजेत."

डॉक्टर तेव्हा एका कालवडीच्या छातीला फीत लावून वजनाचा अंदाज घेत होते. "हार्मोन म्हणजे काय, ठाऊक हाय का बे?" त्यांनी फीत न सोडता विचारलं. "मेंदूतून निघालेलं बोलावणं. आता तुझ्या घरात दाणा न्हाई, पाणी न्हाई, चूल गार पडलीय, आन् तू लग्नाच्या पत्रिका वाटत हिंडलास, तर काय व्हईल?"

"काय व्हईल?"

"वऱ्हाड यील. आन् उपाशी जाईल. तसं सुई दिली की ही बाई दोन दिवस हंबरंल, पण गर्भ ऱ्हायचा न्हाई. ऱ्हायला तर वासरू आंधळं निपजंल. आधी चूल पेटव. हिच्या पोटात चार महिन्यांत हिरवं पान गेलेलं न्हाई, तिन्हीसांजंला हिला बी धड दिसत नसंल. ऊस खाऊन कुणी आई व्हत न्हाई, बे."

चेअरमनना ते पटलं नाही, आणि हिरवं न खाल्ल्यानं डोळे जातात हे तर मुळीच पटलं नाही. मग डॉक्टरांनी त्यांना दाखवायचं ठरवलं. दिवस मावळताना, उजेड अर्धा राहिला की, दावणीपासून हौदापर्यंतच्या वाटेवर ते चार घमेली पालथी घालत, मधेच गुडघ्याच्या खाली एक दोरी ताणत, आणि कालवडीला मोकळं सोडत. जिला दिसतं ती वळसा घेई. जिच्या अंगात 'अ' जीवनसत्त्व कमी, ती घमेल्याला ठेचकाळे, दोरीपाशी थबके, मान खाली घालून हुंगत उभी राही. तेरा कालवडींपैकी नऊ जणी अडल्या. डॉक्टर वहीत एकेकीचं नाव लिहीत होते. तेवढ्यात चेअरमन "मला बघू द्या, बघू द्या" करत पुढे आले आणि पहिल्याच घमेल्यात पाय अडकून आडवे झाले. डॉक्टरांनी त्यांना उठवलं, धोतराची धूळ झटकली, आणि वहीत गंभीरपणे दहावं नाव लिहिलं. त्यापुढे लिहिलं, 'वजन घेता आले नाही.' ती वही मी पुढे कितीतरी जणांना दाखवली आहे.

त्या नऊ जणींत कौसाकाकूंची चांदी होती.

कौसाकाकू आमच्या गल्लीतल्या. नवरा नाही, मुलगा भागवत टेम्पोवर ड्रायव्हर, बहुतेक बाहेरगावीच. घरात काकू आणि गोठ्यात चांदी. चांदीची आई तिला आठ दिवसांची ठेवून मेली होती, आणि काकूंनी शेजारच्या म्हशीचं दूध मागून, बाटलीनं पाजून तिला वाढवली होती. भागवतला ती कालवड डोळ्यासमोर नको होती. "आई, छावणीत हिच्यामागं तुझा जीव चाललाय. छावणी मोडंपर्यंत गाभण ऱ्हायली तर ठेव, न्हाई तर मी टेम्पो घिऊन येतो आन् केजच्या बाजारात उभी करतो," असं तो होळीच्या आधी एकदा येऊन सांगून गेला होता. दुष्काळात न फळलेली कालवड बाजारातून कुणाच्या हाती जाते, हे काकूंनाही माहीत होतं आणि मलाही. त्या दिवसापासून त्या मला रोज एकच गोष्ट विचारायच्या, "सचिव, माजावर यील न्हवं?"

म्हणून डॉक्टरांनी तेलाचा डबा काढला, तेव्हा मला वाटलं, सुटलो. डॉक्टरांनी डोस सांगितला, रोज सकाळी, एकवीस दिवस. काकू सगळं नीट ऐकून घेत होत्या. शेवटी सहज म्हणाल्या, "तेल कशाचं म्हणायचं हे, डाक्टर?"

"माशाचं. समुद्रात एक लई मोठा मासा आसतो, त्याच्या काळजाचं."

मी मागून डॉक्टरांच्या उघड्या दंडाला चिमटा काढला. पण उशीर झाला होता.

"अवो, मी माळकरी हाय," काकू म्हणाल्या.

"पिणार ती हाय, काकू."

"ती बी माळकरीच हाय." काकूंनी चांदीच्या गळ्यातलं दावं फिरवून दाखवलं. त्यात तुळशीचा एक मणी ओवलेला होता. "माझ्या घरात जल्मली, माझ्या हातचं खाल्लं. तिला मासा पाजू मी?"

डॉक्टरांनी मणी निरखून बघितला, मग चांदीच्या तोंडाकडे बघितलं. "अहो बाई, हे आपण आधी सांगायला पायजे व्हतं," ते तिला म्हणाले. काकूंना हसू आलं नाही. त्यांनी बादली उचलली आणि पाठ फिरवली.

बाहेर येऊन मी डॉक्टरांवर चिडलो. "तुम्हाला सरकीचं तेल म्हणता आलं नसतं का?"

"सरकीचं न्हाई ते," डॉक्टर म्हणाले, आणि मोपेडला किक मारायला लागले. ह्यापलीकडे त्यांना त्यात काही सांगण्यासारखं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी शेवग्याचा ध्यास घेतला. हिरव्या पाल्यात तेच जीवनसत्त्व असतं, फक्त झाडातून आलेलं. आणि दुष्काळातही कुणाच्या न्हाणीमागे, कुणाच्या भांडी घासायच्या दगडापाशी, सांडपाण्यावर एखादा शेवगा हिरवा उभा होता. डॉक्टरांनी पंचक्रोशीतले शेवगे वहीत टिपून घेतले. कुणी गाय दाखवायला बोलावलं की ते चहा घेत नसत, म्हणत, "चहा नको बे, पाला दे." कुणी देत, कुणी दरवाजा ओढून घेई, कारण तो पाला लोकांनाही भाजीला लागत होता. मग हे पन्नाशीचे गृहस्थ कमरेला विळा खोचून स्वतः झाडावर चढत. शेवग्याचं लाकूड ठिसूळ, एकदा फांदीसकट खाली आले आणि तीन दिवस लंगडले. मोपेडच्या मागे पाल्याचा भारा बांधून ते गावात शिरले की आता मांजरांच्या जोडीला शेळ्याही मागे लागत. छावणीपर्यंत पोचेतो भाऱ्याचा मागचा भाग खाल्लेला असे.

उरलेला पाला नऊ जणींत वाटला जाई. बाकी आठ जणींचं ठीक होतं, त्या तेलही पीत होत्या. चांदीला मात्र तेवढाच पाला, एके दिवशी दोन पेंढ्या, दुसऱ्या दिवशी मूठभर, तिसऱ्या दिवशी काहीच नाही. डॉक्टर म्हणत, "यील, उशिरा यील, पण यील." मी मुळातला घाईचा माणूस. नासायच्या आत दूध पोचवणं हाच माझा जन्माचा धंदा. दिवस भराभर जात होते, काकू रोज विचारत होत्या, आणि तेलाचा डबा माझ्या टेबलाखाली होता. सकाळी टँकर यायच्या वेळेला काकू घागरी घेऊन रांगेत जात आणि तासभर परतत नसत. मी पेंडीच्या गोळ्यात गूळ कालवला, मधे खड्डा करून त्यात तेल ओतलं, आणि चांदीच्या तोंडापुढे धरला. तिनं तो एका घासात खाल्ला आणि माझा हात चाटला. वाईट वाटलं का, तर नाही. खरं सांगतो, मला माझ्या अकलेचं कौतुकच वाटलं. असे मी तिला एकवीस दिवस एकवीस गोळे चारले.

होळी होऊन आठवडा झाला असेल. सकाळी छावणीत गेलो तर चांदीनं हंबरून हंबरून छावणी डोक्यावर घेतली होती. काकू तिच्याभोवती फेऱ्या मारत होत्या, एकदा हसत होत्या, एकदा पदर डोळ्यांना लावत होत्या. डॉक्टर आले, कृत्रिम रेतन केलं, हात धुतले, आणि मग त्यांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. त्या माणसानं गावाकडे तोंड करून, दोन्ही हात वर करून, "शेवगाऽऽ" अशी आरोळी ठोकली.

त्याच आठवड्यात ते माझ्या ऑफिसात आले. खिशातून तीन पानं काढली. वाटोळ्या, जपून काढलेल्या अक्षरात त्यांनी अहवाल लिहिला होता. तेलाशिवाय, फक्त शेवग्याच्या पाल्यावर कालवड माजावर आली. संघाच्या बैठकीत ते तो वाचणार होते. "माळकऱ्यांच्या गावांतून आपण उगंच बेजार झालो बे. आता तेलाचं नाव काढायचं न्हाई. त्यांच्या जनावरांना निस्ता शेवगा. संस्थेगणिक शंभर झाडं लावायची. हितून बीडपर्यंत!" त्यांचे डोळे चमकत होते. तीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेलं औषध दिलं, ते म्हणाले, आता एक गोष्ट आपली स्वतःची सापडली.

त्यांचं ऐकून गावोगाव तेल थांबलं असतं, आणि मूठभर पाल्यावर किती कालवडी वाट बघत उभ्या राहिल्या असत्या कुणास ठाऊक. मी टेबलाखालचा डबा काढून वर ठेवला. तो पाऊण रिकामा होता. काय केलं ते सांगितलं.

डॉक्टरांनी डबा हलवून बघितला. मग त्यांनी पेन काढून अहवालाच्या पहिल्या पानावर आडवं लिहिलं, 'दोन्ही दिले. कशाने झाले ते सांगता येत नाही.' पानं घडी करून खिशात ठेवली.

"अहो सचिव," ते म्हणाले, आणि मला कानाखाली बसल्यागत झालं. "काकूंना सांगा जाऊन."

"काकू तिला गोठ्यात ठेवणार नाहीत, डॉक्टर. स्वतःच्या हातानं विकतील. एवढं सगळं कशासाठी केलं मग?"

"इकतील तर इकतील. जनावर त्यांचं हाय. त्यांच्या जनावराच्या पोटात काय गेलं ते तुमाला ठाऊक आन् त्यांना न्हाई, ह्याला चोरी म्हणतेत. मी पिणाऱ्याला इच्चारल्याबिगर कधी काय पाजलं न्हाई. ती बोलत न्हाई म्हणून तिच्या मालकाला इच्चारायचं. तुमी दोघींना न्हाई इच्चारलं."

दोन दिवस मी टाळलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला भर छावणीत "सचिवसाहेब, आपण बसा" म्हणत खुर्ची दिली, तेव्हा ते असह्य होऊन मी उठलो आणि काकूंकडे गेलो. त्या चांदीची पाठ घासत होत्या. मी एका दमात सांगून टाकलं. त्यांचा हात थांबला. घासायची पाचटाची मूठ त्यांनी हळूच खाली ठेवली, हात धुतले, आणि घरी निघून गेल्या. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर त्या छावणीत येत, चारा लांबून टाकत, पाणी ठेवत आणि परत जात. चांदीला हात लावत नव्हत्या. चांदी मान लांब करून हंबरायची आणि काकू पाठ फिरवायच्या. बायकोकडून कळलं, की एकवीस दिवस तेल गेलं म्हणून काकूंनी एकवीस दिवस एकभुक्त धरलं आहे, स्वतःला. हे डॉक्टरांच्या कानावर गेलं तसे तेही एकदाच जेवायला लागले. मी म्हटलं, तुमचा काय संबंध? तर म्हणाले, "डबा उघडा ठिऊन मी गेलतो. जिम्मा माझा बी हाय." आता दोघं उपाशी आणि खरा गुन्हेगार दोन वेळ जेवतोय, हे कसं दिसतं? मलाही धरावं लागलं. "चला, दुष्काळात दोन भाकरी तरी वाचल्या," एवढंच माझी बायको म्हणाली. पण संध्याकाळी मुलांना वाढताना ती माझ्याकडे बघून हसायची ते मला बरोबर कळायचं.

बाराव्या की तेराव्या दिवशी, दिवस मावळायच्या सुमाराला काकू माझ्या ऑफिसच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. डॉक्टरही होते. उपासानं काकूंचा चेहरा उतरला होता, पण आवाज स्वच्छ होता.

"डाक्टर, काल सांजच्याला मी चारा टाकून निघालते. दावं सुटलं व्हतं तिचं. लांबून निस्ता खोकला आला मला, तर चांदी सरळ चालत आली माझ्याकडं. मधे घमेलं व्हतं, बादली व्हती, दोरी व्हती. कशाला अडली न्हाई. सरळ आली." त्या थांबल्या. "पौषापासून सांजच्याला मी हाक मारली की ती जाग्यावर उभी ऱ्हायची. मला वाटायचं, रुसली. चारा देत न्हाई म्हणून रुसली. दोनदा तर मी मारलं तिला. ती रुसली नव्हती. तिला मी दिसतच नव्हते."

डॉक्टरांनी खुर्ची पुढे केली, त्या बसल्या नाहीत.

"तेल पाजलं ते पाप हाय," काकू म्हणाल्या. "आन् आंधळ्या लेकराला मारलं ते काय हाय? मला आता मोठं कोणतं ते कळंना झालंय. माझा उपास मी पुरा करते. पण भोवतालच्या माळकऱ्यांच्या गोठ्यांत आणखी हायत अशा उभ्या. त्यांना चोरून काय देऊ नका. मी येते संगं."

आणि त्या खरोखर आल्या. उपास संपल्यावर वैशाखाच्या उन्हात, पदर डोक्यावर घेऊन, एक-एक घर. माळकरी मालक विचारायचा, तेल कशाचं? डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आत काकू सांगायच्या, "माशाचं हाय. माझ्या चांदीनं प्यालंय. तुझी दिवे लागायच्या वक्ताला कशी चालती ते आधी बघून ये, मंग न्हाई म्हण." चार घरांनी तरीही नाही म्हटलं. डॉक्टरांनी त्या चार घरांची नावं वहीत लिहिली आणि पुढे शेवग्याचा पाला तिकडे पोचवत राहिले. बाकीच्यांनी तेल घेतलं. त्या फेऱ्यांत कुठेतरी मी पुन्हा 'बे' झालो. कोणत्या घरापाशी ते आठवत नाही, पण त्या दिवशी मी घरी जाऊन बायकोला आनंदानं सांगितलं होतं, आणि तिला त्यात आनंद करण्यासारखं काय ते समजलं नव्हतं.

डॉक्टरांचा तो अहवाल कुठल्याही बैठकीत वाचला गेला नाही. नुसत्या शेवग्याचा नवा प्रयोग करायला त्यांना पुन्हा तसाच दुष्काळ हवा होता, आणि त्यांच्या नोकरीत तो पुन्हा आला नाही. "बरंच झालं न्हाई आला ते," असं निवृत्त होताना म्हणाले. मला मात्र त्यांच्या त्या तीन पानांचं अजून वाईट वाटतं. माझ्या घाईनं त्या माणसाची एकुलती एक स्वतःची गोष्ट खाल्ली.

ज्येष्ठात ऊस संपला आणि छावणी मोडायचं ठरलं. सांगितल्याप्रमाणे भागवत टेम्पो घेऊन आला. मागचं फळकट उघडून, आत उसाचं पाचट पसरून तयार. "आई, मन घट्ट कर," तो म्हणाला. काकू म्हणाल्या, "डाक्टर बघू दे आधी." चांदी त्यानंतर माजावर आली नव्हती, पण दुष्काळात त्याचा अर्थ दोन्हीकडून लागतो, गाभण तरी किंवा उपाशी तरी. सगळी छावणी भोवती जमली. डॉक्टरांनी हाताला साबण लावला, चांदीला काहीतरी पुटपुटून विचारलं, आणि हात खांद्यापर्यंत आत गेला. ते आकाशाकडे बघत होते. काकूंनी माझं मनगट धरलं होतं. त्यांची बोटं इतकी रुतली की मला दुखत होतं, पण मी हललो नाही.

"हाय," डॉक्टर म्हणाले. "जाग्यावर हाय. पावणेतीन महिन्यांचं."

भागवतनं टेम्पोचं फळकट वर केलं आणि खिट्टी घातली. त्या खिट्टीचा आवाज झाला तशा काकू खालीच बसल्या. रडल्या, भरपूर रडल्या. मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "डाक्टर, ह्या सचिवानं चोरी करून माझी कालवड वाचवली. तुमी ती चोरी उघडी करून मला वाचवलं. आता मी पाया कुणाच्या पडू?"

डॉक्टर बादलीत हात धूत होते. "हिच्या पडा," ते म्हणाले. "घाण वासाचं तेल बी हिनंच प्यालं, मार बी हिनंच खाल्ला, आन् आता वासरू बी हिनंच वागवायचंय. आपुन तिघांनी काय केलं? निस्तं भांडलो."

काकू वाकल्या. त्यांनी चांदीच्या पुढच्या दोन्ही खुरांवर डोकं ठेवलं, पौषात जिला मारलं होतं तिच्या. त्या उठल्यावर मीही वाकलो. भर छावणीत, चेअरमनसमोर, गावासमोर. कपाळाला माती लागली, आणि खाली वाकल्या-वाकल्याच, आपल्याला हुंदका येतोय हे मला कळलं. एकवीस दिवसांत एकदाही जे मनात आलं नव्हतं, ते मी तेव्हा त्या मुक्या जनावराला म्हणालो, की माझं चुकलं, तुला विचारायला हवं होतं.